तर बंद झाल्यावर माणसं कुठून गेली?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या दक्षिण तीरावर माझं प्राथमिक आरोग्य केंद्र होतं. उत्तर तीरावर पाच वाड्या, एक उपकेंद्र, सातवीपर्यंतची शाळा. मधे खाडी. तरीतून, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या नावेतून, बारा-पंधरा मिनिटं. रस्त्याने जायचं तर खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या पुलापर्यंत चढायचं, घाट उतरायचा आणि पुन्हा किनाऱ्याकडे यायचं : ४१ किलोमीटर. खाडीचं आणि वाड्यांचं नाव मी देत नाही. आदेशावर सही करणारे अधिकारी आणि त्या आदेशाने भरडली गेलेली माणसं दोघंही तिथलीच, आणि दोघांतलं कुणीही वाईट नव्हतं.

आदेश एका पानाचा होता. १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात खाडीतून प्रवासी वाहतूक पूर्ण बंद. तर, होडी, मच्छीमार नौका, कशातूनही माणसं न्यायची नाहीत. मोडला तर नौका जप्त. बाकी मुदतीत प्रत्येक प्रवाशाला लाइफ जॅकेट सक्तीचं.

आदेश निघाला त्याला कारण होतं, आणि ते खरं होतं. आदल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी अमावस्येच्या उधाणात तर कलंडली. दुपारची ओहोटी लागलेली. डोंगरातून आलेलं पावसाचं पाणी आणि ओहोटीचं पाणी एकाच दिशेने समुद्राकडे धावत होतं, समोरून वारा. अशा वेळी खाडीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर, लाटा आखूड आणि उभ्या होतात. तरीत माणसं नेहमीपेक्षा जास्त, शिवाय दोन मोटारसायकली. एक लाट आडवी बसली, दोन्ही गाड्या एका अंगाला घसरल्या आणि तर झोपली. जवळपास जाळी टाकणाऱ्या होड्या होत्या म्हणून सगळे वाचले. एका आजीच्या फुप्फुसात पाणी गेलं, ती आठ दिवस ग्रामीण रुग्णालयात होती. तिला घेऊन जाणाऱ्या रुग्णवाहिकेत मी होतो, त्यामुळे आदेशाची बातमी आली तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे आधी सांगून टाकतो.

कोकणात बोट बुडण्याची भीती घराघरात आहे. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. माझ्या आजोळी ते नाव घेतलं की बोलणं थांबायचं. ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर कलंडलेल्या तरीचा पंचनामा आला, त्याने पावसाळ्यात तर बंद करायची ठरवली तर त्याला दोष कसा द्यायचा? गेटवे ते मांडवा लाँचसुद्धा पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा कुणी आरडाओरडा करत नाही.

पण मांडव्याला जाणाऱ्याला पेणपर्यंत रेल्वे आहे, एसटी आहे, महामार्ग आहे आणि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोठी रो-रो बोटही आहे. तिथे लाँच बंद झाली की माणूस दुसरी वाट धरतो, वैतागतो आणि पोचतो. आमच्या खाडीला दुसरी वाट म्हणजे तो ४१ किलोमीटरचा वळसा. आदेशाचे शब्द दोन्हीकडे जवळजवळ सारखेच असतील. किंमत सारखी नव्हती, आणि ती किंमत त्या एका पानावर कुठेच लिहिलेली नव्हती. टिपणी कलंडलेल्या तरीपासून सुरू होऊन ‘जीवितहानी टाळण्यासाठी’ या शब्दांवर संपत होती. तर बंद केली की १ जूनच्या सकाळी ही माणसं कुठून जाणार, हा प्रश्न त्या फाइलला कुणी विचारलाच नव्हता.

पहिला पावसाळा

उत्तर तीरावरच्या माणसांची कामं तर बंद झाली म्हणून थांबली नाहीत. हायस्कूल आमच्या बाजूला, बाजार आमच्या बाजूला, बँक आणि रेशनचं गोदामही आमच्याच बाजूला. माणसं चार वाटांनी पांगली.

काहींनी रस्ता धरला. सकाळची एसटी एकच, वस्तीची गाडी. ती चुकली की सहा आसनी रिक्षा किंवा मोटारसायकल. आठवी-नववीतली मुलं मोठ्या भावाच्या मागे तिघं-तिघं बसून, अंगावर प्लास्टिकचा कागद पांघरून घाटातून येऊ लागली. तो घाट मी भर पावसात रुग्णवाहिकेतून पुष्कळदा केला आहे. वळणावर लाल माती वाहून आलेली असते आणि साइडपट्टी कुठे संपली ते पाण्याखाली दिसत नाही. देशभरात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. आमच्या घाटात त्या पावसाळ्यात कुणी गेलं नाही. हाडं मोडलेली चार-पाच पोरं मात्र माझ्या टेबलावर आली, त्यातल्या एकाच्या मांडीत आज सळई आहे.

काहींनी जाणंच सोडलं. हे सर्वांत शांतपणे घडलं, म्हणून सर्वांत उशिरा लक्षात आलं. जुलैत आमच्या ओपीडीच्या रजिस्टरमध्ये उत्तर तीरावरची नावं विरळ झाली. मला आधी वाटलं लावणीचे दिवस आहेत, माणसं शेतात असतील. मग एक दिवस नर्सबाईंनी रक्तदाबाच्या रुग्णांची वही पुढे केली. दर महिन्याला गोळ्या न्यायला येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या नावापुढे जून आणि जुलै कोरे होते. गरोदर बायांच्या तपासण्यांचंही तेच. सोनोग्राफीला न्यायचं तर सगळा दिवस मोडतो आणि रिक्षाचे पैसे तरीच्या भाड्याच्या कित्येक पट. घरच्यांनी एकेक तपासणी पुढे ढकलली, कुणाला ‘नाही’ म्हणायचीही गरज पडली नाही. हायस्कूलला येणाऱ्या मुलींपैकी काही मावशीकडे, काही आत्याकडे राहिल्या. ज्यांना नातेवाईक नव्हते त्या घरी बसल्या.

मासे विकणाऱ्या एका मावशींनी मला सांगितलं, “डॉक्टर, रिक्षाला देऊन हातात काय उरतंय? पोरांना पेज घालायची का औषध आणायचं?” हा प्रश्न आरोग्याचाच आहे. खिशातून गेलेला पैसा कुठून तरी कापला जातो, आणि गरीब घरात तो आधी आईच्या ताटातून आणि मग तिच्या औषधातून कापला जातो.

तिसरी वाट होती चोरून खाडी ओलांडण्याची. दिवसा पोलीसपाटलाला दिसेल म्हणून अंधारात. मोठी तर ओळखू येते म्हणून लहान होडीतून. आणि तर बंद करताना जॅकेटं कोठीत कुलपात गेली होती म्हणून जॅकेटांशिवाय. नौका जप्त होण्याच्या भीतीने नाव हाकणारा जुना, अनुभवी तांडेल बाजूला झाला आणि त्याच्या जागी विशीतली पोरं आली. आदेशाच्या आधी खाडी ओलांडताना माणसांना उजेड होता, मोठी नाव होती, जाणता तांडेल होता. आदेशानंतर खाडी तीच होती, या तिन्ही गोष्टी गेल्या.

एका रात्री दहाच्या सुमारास चौघे जण एका माणसाला उचलून आमच्या पायरीवर घेऊन आले. फुरसं चावलं होतं, पायाच्या घोट्याला, गोठ्यात जाताना. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं मरतात आणि त्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू पावसाळ्यात होतात, हे मी वर्गात शिकवल्यासारखं सांगू शकतो. पण त्या रात्री माझं लक्ष काचेच्या नळीकडे होतं. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. साध्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकं करून बघायचं. त्याचं रक्त पाण्यासारखं वाहिलं. प्रतिविष लावलं. तो वाचला. पहाटे मी त्याच्या भावाला विचारलं, आलात कसे? तो खाली बघून म्हणाला, “होडीतनं. दिवा नाय लावला.” ओहोटीच्या वेळी, पावसात, चौघं आणि एक बेशुद्धीकडे झुकलेला माणूस एका लहान होडीत. रस्त्याने आले असते तर दोन तास गेले असते. त्याचा जीव वाचला तो आदेश मोडल्यामुळे, आणि उरलेल्या चौघांचा जीव धोक्यात आला तोही त्या आदेशामुळेच.

चौथी वाट वाटच नव्हती. तिथे नुसता उशीर होता.

पहिलटकरीण

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री एकच्या सुमारास आशाताईंचा फोन आला. पहिलटकरीण, तेवीस वर्षांची, दिवस भरत आलेले, पोटात दुखायला लागलंय. माझ्या दवाखान्याच्या ओसरीतून समोरच्या तीरावरचे दिवे दिसतात. ज्या घरात ती होती त्या घराचा दिवा मला दिसत होता. पाणी शांत होतं. मुद्दाम सांगतो, कारण मी बाहेर येऊन पाहिलं होतं : वारा पडलेला, भरती भरत आलेली, पाऊस रिपरिप. खाडी ओलांडायला याहून बरी वेळ पावसाळ्यात क्वचित मिळते.

घरच्यांनी आदेश पाळला. तिचा सासरा तरीवर खलाशी होता, नाव जप्त झाली तर घर बसेल हे तो जाणून होता. रिक्षा निघाली. घाटात दरड आलेली. मोठी नव्हती, पण रिक्षा अडण्याएवढी होती. तिथेच, रिक्षात, बाळ झालं. बाळ ठीक होतं. तिला रक्तस्राव सुरू झाला.

बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव उपचार न मिळाल्यास साधारण दोन तासांत जीव घेऊ शकतो. त्यावरचं पहिलं औषध, ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, माझ्याकडे फ्रिजमध्ये होतं, खाडीच्या या बाजूला, तिच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. ती थेट जिल्हा रुग्णालयात पोचली ती पहाटे. रक्त चढवलं, तेवढ्याने थांबेना, शेवटी गर्भाशय काढावं लागलं. ती वाचली. तेवीसव्या वर्षी.

प्रसूतिशास्त्रात ‘तीन उशीर’ असं शिकवतात : निर्णय घ्यायला उशीर, पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. तिच्या बाबतीत पहिला आणि तिसरा झालाच नाही. आशाताईंनी वेळेत फोन केला, घरच्यांनी वेळेत निर्णय घेतला, रुग्णालयाने वेळेत शस्त्रक्रिया केली. मधला उशीर सरकारी आदेशाने आला होता.

या घटनेची नोंद कुठे झाली? जिल्हा रुग्णालयाच्या वहीत, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव म्हणून. दरडीची नोंद बांधकाम खात्यात. मांडी मोडलेल्या मुलाची नोंद पोलिसात, दुचाकी घसरून अपघात. गोळ्या चुकलेल्या म्हातारीला सप्टेंबरात पक्षाघात झाला, त्याची नोंद ‘उच्च रक्तदाब’. तरीच्या फाइलमध्ये मात्र त्या वर्षी एक ओळ वाढली : ‘पावसाळ्यात एकही दुर्घटना नाही. आदेश परिणामकारक.’ ती ओळ लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं. त्याच्यापर्यंत बाकीचे कागद पोचायची वाटच नव्हती.

हिशेब

ग्रामसभेने मला सांगितलं, डॉक्टर, तुम्ही लिहून द्या. मी पहिला मसुदा रागाने लिहिला आणि फाडला, कारण त्यात मी तेच केलं होतं जे आदेशाने केलं होतं : एकाच बाजूची माणसं मोजली होती.

मग साधा हिशेब मांडला. आकडे मी धरलेले होते, मोजलेले नव्हते, आणि निवेदनातही तसंच लिहिलं. समजा वीस माणसांची तर पन्नास पावसाळ्यांत एकदा पूर्ण उलटते आणि निम्मी माणसं जातात. म्हणजे पन्नास पावसाळ्यांत दहा जीव, पाच पावसाळ्यांना एक. तर बंद ठेवून सरकार पाच पावसाळ्यांत एक जीव वाचवतं. आता दुसऱ्या पारड्यात रस्ता, घरी थांबणं, चोरटी होडी आणि उशीर टाका. या चारही वाटांवर मिळून पाच पावसाळ्यांत एक जास्तीचा मृत्यू झाला की बरोबरी झाली. दोन झाले की आदेशाने राखले त्याहून जास्त जीव घेतले. आणि समजा तरीतून रोज शंभर माणसं ये-जा करत होती आणि त्यांतली निम्मीच रस्त्याने जाऊ लागली, तरी ९२ दिवसांत माणसांचा रस्त्यावरचा प्रवास पावणेचार लाख किलोमीटरच्या वर जातो. त्या घाटातून, त्या दिवसांत.

हाच हिशेब उलटाही करून बघितला. तर इतकी मोडकी असेल, तांडेल इतका बेफिकीर असेल की ती दहा वर्षांतून एकदा उलटणार, तर तिच्यामुळे दर पावसाळ्याला सरासरी एक जीव जातो, आणि मग बंदीच्या बाजूने बोलावं लागतं. म्हणजे खरा प्रश्न ‘बंद की चालू’ हा नव्हताच. तर दहा वर्षांतून एकदा उलटणाऱ्या जातीची आहे की पन्नास वर्षांतून एकदा, आणि तिला पहिलीतून दुसरीत कसं न्यायचं, तिथे खरं काम होतं.

हा विचार काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. १९८९ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटीला एक विमान कोसळलं, त्यात आईच्या मांडीवरचं एक मूल गेलं. त्यानंतर वर्षानुवर्षं मागणी होती की दोन वर्षांखालच्या मुलांनाही वेगळं आसन सक्तीचं करा. ऐकायला निर्विवाद. तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने २००५ साली सक्ती न करण्याचं ठरवलं. त्यांचं म्हणणं असं : आसन सक्तीचं झालं की त्याचं तिकीट काढावं लागणार, काही कुटुंबं विमान सोडून मोटारीने जाणार, आणि मोटारीचा रस्ता विमानापेक्षा कितीतरी धोक्याचा; विमानात क्वचित वाचणाऱ्या मुलापेक्षा रस्त्यावर जास्त माणसं जातील. मूल मांडीवर सुरक्षित असतं असं त्यांनी म्हटलं नाही, आसन वापरा असाच सल्ला दिला. फक्त सक्तीचा दुसऱ्या टोकाचा परिणाम मोजला.

दुसरं उदाहरण मी निवेदनात मुद्दाम घातलं, कारण या युक्तिवादाचा गैरवापर कसा होतो तेही मला दिसत होतं. अमेरिकेत जमिनीलगतच्या हवेतल्या ओझोनवर कडक मर्यादा आली तेव्हा उद्योगांकडून न्यायालयात सांगण्यात आलं की हा ओझोन अतिनील किरणंही थोडी अडवतो, तो कमी केला तर त्वचेचे कर्करोग वाढतील. १९९९ साली न्यायालयाने पर्यावरण संस्थेला बजावलं की हा मुद्दा तुम्हाला नुसता बाजूला सारता येणार नाही, विचारात घ्यावा लागेल. संस्थेने तो तपासला आणि २००३ साली उत्तर दिलं : तो फायदा इतका अनिश्चित आहे की त्याच्यासाठी मर्यादा सैल करता येत नाही. मर्यादा आहे तशीच राहिली. दुसरा धोका तपासायला घेतला म्हणजे नियम सैल होणारच, असं नाही.

आमच्याकडेही तरीच्या मक्तेदाराने माझ्या निवेदनाची प्रत मागून घेतली आणि लगेच म्हणू लागला, “डॉक्टरच सांगतात, बंदीनं माणसं मरतात. मग जॅकेटचा खर्च तरी कशाला?” मी त्याला तिथेच, ग्रामसभेत, सांगितलं की माझं निवेदन तुमच्या बाजूने नाही. दुसऱ्या बाजूचा धोका दाखवायचा तर त्यालाही तेवढाच पुरावा लागतो जेवढा आपण बुडण्याच्या धोक्याला मागतो. जॅकेट सक्तीचं झाल्याने कुणी रस्त्याने जात नाही. त्या सक्तीला दुसरं पारडं जवळजवळ रिकामं आहे.

जवळजवळ म्हणतो, कारण एक गोष्ट होती.

जॅकेट आणि ताडपत्री

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर गेटवेवर जॅकेटची सक्ती झाली. चांगलंच झालं. पण जॅकेट कुठल्या बोटीत घालायचं, हे बोटीच्या छपरावर अवलंबून असतं.

आमच्या तरीवर पावसासाठी लोखंडी कमानी टाकून ताडपत्री ताणलेली होती, तिन्ही बाजूंनी बांधलेली. १९९९ साली अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या एका तलावात पर्यटकांची अशीच छत असलेली नाव बुडाली, १३ जण गेले. माणसं वर तरंगायला लागली आणि छताला अडकली. तिथल्या तपास यंत्रणेची शिफारस अशी होती की आधी छत काढा आणि छत काढल्यावर जॅकेट घालायला लावा. क्रम महत्त्वाचा. बांधलेल्या ताडपत्रीखाली तर उलटली तर जॅकेट माणसाला छताला दाबून धरतं. बुडी मारून बाहेर निघायचं म्हटलं तरी ते निघू देत नाही. आमच्या आदेशात जॅकेट होतं, ताडपत्रीचा शब्द नव्हता.

ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती निवृत्त तांडेल नानांमुळे. मी जॅकेटबद्दल बोलत होतो, ते ताडपत्रीकडे बघत म्हणाले, “ती आधी सोडा. आमी कधी छपराखाली नाव हाकली नाय. भिजलं तर भिजलं.” साठ वर्षं खाडीत काढलेल्या माणसाला हे विचारायला कुणी गेलं नव्हतं. जॅकेटांची मापंही सगळी मोठ्या माणसांची होती. आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून ती निसटतात. नऊवारीवर पट्टे बांधता येत नाहीत म्हणून म्हाताऱ्या बाया ती मांडीवर घेऊन बसत. कागदावर प्रत्येकाला जॅकेट होतं.

बदललेला आदेश

प्रांत कार्यालयात बैठक झाली. बंदर खात्याचे निरीक्षक, तहसीलदार, मी, दोन्ही तीरांचे सरपंच, आशाताई, आणि माझ्या आग्रहाने नाना. अधिकाऱ्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. ज्या आदेशाने आपल्या सहीखाली एकही माणूस बुडालं नाही तो बदलायला धीर लागतो. उद्या काही झालं तर पेपरात त्यांचं नाव येणार. दरडीखाली रिक्षा अडली तर कुणाचंच येत नाही. मला हीच गोष्ट सर्वांत अवघड वाटते, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

बंदी तारखांची होती, ती परिस्थितीची केली. बंदरावर वादळी हवेचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागला की तर बंद. अमावस्या आणि पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीच्या मधल्या तासांत बंद. ते तास नाना आणि निरीक्षकांनी मिळून महिन्याच्या तक्त्यात लिहून धक्क्यावर लावले. पावसाळ्यात निम्मीच माणसं. माणसांच्या फेरीत मोटारसायकल नाही. ताडपत्री काढली; त्यावर बरीच कुरकुर झाली, अजून होते. लहान मुलांची जॅकेटं आली. मुखाजवळच्या दांड्यावरून जाणारा जवळचा मार्ग बंद करून वरच्या अंगाने, पाच मिनिटं जास्तीचा, पण शांत पाण्यातून जाणारा मार्ग ठरला.

रात्री तरीची फेरी नाही, पण रुग्णासाठी आहे. त्यासाठी दोन तांडेलांची नावं आणि फोन दोन्ही तीरांवर लिहिले, आणि त्यांना लेखी दिलं की आरोग्य केंद्राच्या फोनवर केलेल्या फेरीसाठी नाव जप्त होणार नाही. हे लेखी हवं असा आग्रह नानांचा होता. रुग्णवाहिका दक्षिण धक्क्यावर येऊन उभी राहते. रुग्ण उतरला की दहा मिनिटांत टेबलावर.

आणि बावटा लागलेला असेल, घाटात दरडही असेल, तर? त्या रात्रीसाठी तर चालू असून उपयोग नाही. म्हणून आशाताईंनी मे महिन्यातच यादी केली : जून ते सप्टेंबर या काळात दिवस भरणाऱ्या बाया. ज्यांचं माहेर किंवा नातेवाईक दक्षिण तीरावर आहेत त्यांनी तारखेच्या दोन आठवडे आधी इकडे यायचं. ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी आरोग्य केंद्रामागची खोली साफ केली, दोन खाटा, एक गॅस. पूर्वी कोकणात पावसाळ्याआधी आगोट भरायचे, तांदूळ, मिरची, सुकी मासळी, चार महिन्यांचं. आशाताई त्या यादीला ‘आमची आगोट’ म्हणतात. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्याही जूनच्या आधी दोन महिन्यांच्या द्यायला लागलो.

ज्या गोष्टी अडल्या त्याही लिहितो. सर्पदंशावरचं प्रतिविष उत्तर तीरावरच्या उपकेंद्रात ठेवावं अशी मागणी होती. मी विरोध केला. प्रतिविषाची तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते आणि ती सांभाळायला तिथे डॉक्टर नाही. एक धोका टाळायला जाऊन दुसरा हातात दिल्यासारखं झालं असतं. लोक नाराज झाले. हायस्कूलच्या मुलींसाठी एसटीची दुसरी फेरी मागितली, ती मिळाली नाही. दोन्ही तीरांना जोडणारा पूल व्हावा ही मागणी माझ्या जन्माआधीची आहे.

धक्क्यावर एक वही ठेवली आहे. आधी तिच्यात तीन रकाने होते : फेरी, माणसं, हवामान. मी चौथा मागून घेतला. तर बंद असेल त्या दिवशी जे लोक धक्क्यावर येऊन परत गेले त्यांची नोंद त्यात होते : कुणाला कुठे जायचं होतं आणि ते मग कसे गेले. नोंद करणारा पोरगा आठवी शिकलेला आहे, अक्षर वाकडं आहे. बदललेल्या आदेशानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातलं एक पान माझ्याकडे फोटोत आहे. ‘बावटा ३. तर बंद. सहा जण आले. तिघे घरी गेले. दोन रिक्षाने. एक आजी, औषध संपलं, डॉक्टरना फोन केला.’ त्या दिवशी दुपारी पाणी निवळलं तेव्हा आजीच्या गोळ्या पहिल्या फेरीने पलीकडे गेल्या.